आंधळी वाटी

पहिला घोट घेतला आणि मसालेबाईंनी डोळे बारीक केले.

"कुठेतरी पाणी मुरतंय," त्या म्हणाल्या.

"रस्सा आहे वहिनी, पाणी असणारच," समोरून नणंद म्हणाली.

"विषय बदलू नकोस."

मसालेबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्या मसाल्याच्या कारखान्यात चव घेत होत्या. चमच्यातला घोट सुर्रकन ओढायचा, टाळ्यावर फिरवायचा, थुंकायचा, कोमट पाण्याची चूळ भरायची आणि निकाल द्यायचा. साहेबांनी कितीही माना डोलावल्या तरी बाईंच्या सहीशिवाय गोदामातून पोतं हलत नसे. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी दर शुक्रवारी नव्या घाण्याच्या तीन डब्या घरी येतात. बाई चाखतात, चिठ्ठीवर सही करतात. नवरा गेल्यापासून आठवड्यात तेवढ्या एकाच दिवशी त्या इस्त्रीचे कपडे घालतात.

गुरुवार मात्र नणंद-भावजयीचा. गल्लीच्या टोकाला, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, सहा टेबलांचं पहाडी हॉटेल आहे. भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर, वाफेनं एक कोपरा सुटलेलं. चुलीपाशी भाऊ, गल्ल्यावर त्याची बहीण, म्हणजेच मालकीणबाई. दोघी दर वेळी थुकपाच घेतात, म्हणजे गरम रश्शातल्या जाड शेवया. त्या रश्शात तिमूर नावाचं पहाडी मिरं पडतं, आपल्या तिरफळाची थोरली बहीण. जीभ कशी झिणझिणली पाहिजे.

तीन महिने झाले, बाईंची जीभ झिणझिणत नव्हती.

आधी त्यांना वाटलं, भाऊ हाडं दोनदा उकळतोय. मग वाटलं, तिमूर शिळा आहे. आता त्यांची खात्री पटली होती की वाकडं फक्त आपल्याच वाडग्यात आहे. तो सगळ्यांत शेवटी येई, वेगळा येई, आणि ठेवताना मालकीणबाई त्यांच्याकडे न बघता नणंदेकडे बघे. नणंद मग पोस्टरवरचा डोंगर बघे. शिवाय मागच्या गुरुवारी ही हात धुवायला म्हणून पडद्याआड गेली, दोन मिनिटं कुजबुज झाली, आणि परत आली ती कोरड्या हातांनी.

"तुझं आणि त्या मालकिणीचं काय चाललंय?"

"काय चालणार? हवापाण्याच्या गोष्टी."

"पाणीच ना? ते माझ्या वाडग्यात आलंय." बाईंनी चटणीच्या तीन रिकाम्या वाट्या पुढे ओढल्या आणि पुसल्या. "आज आंधळी वाटी करू."

कारखान्यात कुणी मालात भेसळ केल्याचा संशय आला की बाई आंधळी वाटी लावायच्या. तीन वाट्या, दोनांत एकच माल, तिसरीत दुसरा. डोळे मिटून वेगळी ओळखायची. ह्या खेळात दोन मुकादम घरी गेले होते.

"राहू दे ना वहिनी. शेवया गार होतायत."

"खाई त्याला खवखवे. तू का घाबरतेस? दोन वाट्या माझ्या रश्शाच्या, एक तुझ्या. कशीही फिरव. मी वेगळी ओळखते, आणि मग त्या भावाला बाहेर बोलावते."

नणंदेनं रस्सा ओतला. वाट्या फिरवल्या. बाईंनी डोळे मिटून पहिली ओढली, चूळ भरली. दुसरी. चूळ. तिसरी. शेजारच्या टेबलावरचं जोडपं खायचं थांबलं.

बाईंनी पुन्हा पहिली घेतली. मग पुन्हा तिसरी.

"तिन्ही सारख्या," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे तुझ्याही वाडग्यात पाणीच. सगळ्या गावाला फसवतायत. आता तू चाख."

"मी कशाला?"

"दोन जिभा लागतात. नियम आहे. मीट डोळे."

नणंदेनं डोळे मिटले. पहिल्या वाटीनं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुसरीला ठसका लागला. तिसरी तिनं गप गिळली. नाक लाल, ओठ थरथरताहेत, आणि तरी म्हणते, "सारख्याच आहेत गं."

बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. ही गाठ सोडवायला एकतीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता.

मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. बाईंनी तिला विचारलं, "माझ्यात तिमूर किती घालता?"

ती नणंदेकडे बघू लागली.

"तिच्याकडे नाही. माझ्याकडे बघून सांगा."

"आधी दुप्पट, बाई. ह्या महिन्यापासून चौपट. भाऊ म्हणतो, ह्यानं माणूस आजारी पडेल. पण ताईंनी हात जोडले."

"मी म्हटलं, तुला कळायला नको," नणंद नाक पुसत म्हणाली. "कळलं तर शुक्रवार जाईल."

बाईंनी चमचा खाली ठेवला. कट होता, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. चोर तेवढा चुकला होता. मागच्या तीन महिन्यांत त्यांनी बारा चिठ्ठ्यांवर सही केली होती, आणि त्या मसाल्यात काय होतं हे आता त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं.

"उद्याच्या डब्या सहीशिवाय परत जातील," त्या म्हणाल्या. "मागच्या बारा आठवड्यांचा मालही पुन्हा चाखायला लावते. सकाळी फोन करते मी."

"आणि गुरुवार?"

"गुरुवारानं काय घोडं मारलंय?" मालकीणबाईकडे वळून त्या म्हणाल्या, "मला सगळ्यांना देता तोच वाडगा द्या. आणि भावाला सांगा, मी त्याच्यावर संशय घेतला होता. माफी मागायला येते आत."

नवा वाडगा आला. बाईंनी तो नणंदेपुढे सरकवला.

"चाख. आणि मला सांग. 'छान आहे' म्हणायचं नाही. आधी काय येतं, मागून काय येतं, जिभेच्या टोकाला की कडेला."

नणंदेनं चमचा ओढला. सुर्र आवाज काही जमला नाही. डोंगराकडे बघत तिनं घोट टाळ्यावर फिरवला.

"आधी आलं. मग ते झिणझिण, कडेला. आणि मागून... लवंग."

"लवंग?" बाईंनी पडद्याकडे बघत डोळे बारीक केले. "थुकप्यात? नीट चाख बघू पुन्हा."