लाल झालेल्या क्लिपा आणि मॅडमची चूक

मैत्रिणींनो, व्हिडिओ एडिटिंग कुठून शिकू, असं इथं विचारलं तर तुम्ही भरपूर लिंका पाठवल्या. सगळ्या पाहिल्या. शिकवणारे इतके सराईत, की माझा हात माऊसवर जाईपर्यंत त्यांचं काम झालेलं असायचं.

आज धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ होतच आल्ता. संध्याकाळी तिच्या माहेरचे केदारखेड्याहून बघायला येणार होते. तेवढ्यात भाऊजींनी त्यांचं मेमरी कार्ड मागितलं, मी काढून दिलं. स्क्रीनवर सगळ्या क्लिपा लाल, चित्रच दिसेना.

जाऊ म्हणाली, "ताई, मंग आता दाखवायचं काय?"

मी रडायचीच बाकी होते. "क्लिपा लाल झाल्या" असं शोधलं, तर एका मराठी मॅडमचा धडा निघाला. शिकवता शिकवता त्यांच्याही क्लिपा लाल झाल्या. त्या हसून म्हणाल्या, "कार्ड काढलं वाटतं मी. घाबरू नका. व्हिडिओ कार्डातच असतो, परत लावा."

भाऊजींकडून कार्ड आणून लावलं. सगळं जागेवर. पाहुण्यांनी दोनदा पाहिला.

एडिटिंग शिकवणारी बाई. स्वतःची चूक कापणं तिला किती सोपं होतं. तिनं ती आपल्यासाठी ठेवली.

तुम्हाला असं कोणी शिकवलंय का?