मुहूर्तावर आलेलं बाळ

मंडळी, आत्ताच नवघरच्या हॉस्पिटलमधून घरी आलेय. धाकट्या बहिणीला आज सकाळी मुलगा झाला. कळा सुरू व्हायच्या आधीच, तीन आठवडे लवकर सिझेरियन केलं, कारण सासरच्यांनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला होता.

बाळ काचेच्या पेटीत आहे. छाती भात्यासारखी हलतेय, ऑक्सिजन लावलाय. लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, "कळा येतात तेव्हा बाळाच्या अंगात हार्मोन्स वाढतात, त्यामुळे फुप्फुसातलं पाणी जिरतं. याला ती वेळच मिळाली नाही."

बाहेर बाकावर तिच्या सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगत होत्या, "पत्रिकेत राजयोग आहे."

आत बहीण गुंगीत मला विचारत होती, "ताई, तो रडला का गं? मला ऐकूच नाही आलं."

तुम्ही काय सांगितलं असतं?