बिनदांडीकाका

आमच्या फरीदाबादच्या सेक्टरात लेडीज सायकल चालवणारा पुरुष एकच होता, आणि तोही शर्ट आत खोचून, बुटांना पॉलिश करून, मान ताठ ठेवून. सायकल गर्द हिरवी. पुढे जाळीची टोपली, मागे रुंद कॅरिअर आणि त्यावर शिवून घेतलेली गादी. मुलांनो, तुमच्या टोरोंटोत कुणी कसलीही सायकल चालवली तरी कुणी वळून पाहत नाही. आमच्याकडे सीटपासून हँडलपर्यंत आडवी दांडी असली तर ती पुरुषाची सायकल आणि दांडी नसली तर बाईची, हे ठरलेलं होतं. गल्लीतली पोरं त्यांना ‘लेडीज साइकिल वाले अंकल’ म्हणायची. तुमचा बाबा तेव्हा सातवीत होता. त्याने त्याचं मराठी केलं, बिनदांडीकाका.

काका म्हणजे आमचे शेजारी पाटणकर. एका कारखान्यात खरेदी विभागात अधिकारी होते. त्यांच्या पत्नी विजूताई जवळच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. रोज सकाळी काका त्यांना कॅरिअरवर बसवून शाळेत सोडत आणि तिथून कारखान्यात जात. ते दिवस नव्या गाड्यांचे होते. रिकाम्या प्लॉटांवर कोठ्या, म्हणजे बंगले, उठत होत्या, बँकेची माणसं कर्ज घ्या म्हणून घरी येत होती, आणि रविवारी सकाळी सगळा सेक्टर आपापली गाडी धूत उभा असायचा. त्या ओल्या रस्त्यावरून काका घंटी वाजवत भाजीला जायचे.

‘ही सायकल का?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे वेगळं उत्तर असे. समोरच्या चड्ढासाहेबांना सांगत, “पैंट की क्रीज़ नहीं टूटती.” कारखान्याच्या गेटवरच्या दरवानाला, “कमर का मामला है, भाई.” तुमच्या आजोबांना तर डोळे मिचकावून म्हणत, “आराम मिळतो हो! पन्नाशीनंतर माणसाने तंगडी उंच करावी कशाला?”

तुमच्या आजोबांनी त्यांची सर्वांत जास्त थट्टा केली. “पाटणकर, सायकलला मॅचिंग पर्स पण घ्या की!” असं ते व्हरांड्यातून ओरडत. आपली पांढरी गाडी आली तेव्हा मात्र ते मनापासून म्हणाले, “यार पाटणकर, उद्यापासून वहिनींना मी सोडतो. माझ्या वाटेवरच आहे शाळा.” काकांनी हात जोडले. “तुम्ही म्हणालात यात सगळं आलं. पण आम्ही सायकलनेच जाणार.” आजोबांना ते लागलं. “हट्टी आहे माणूस,” असं ते कितीतरी दिवस म्हणत होते.

हट्टी ते होतेच. कशासाठी, ते मला एका डिसेंबरात कळलं.

सकाळी धुकं दाट होतं. आजोबा ऑफिसच्या कामासाठी परगावी गेले होते. दार वाजलं म्हणून उघडलं, तर काका मफलर गुंडाळून भिंतीला टेकलेले. डोळे तापाने लाल झालेले.

“वहिनी, तुम्हाला सायकल येते ना?”

“नागपूरला कॉलेजात चालवत होते. पण तुम्ही आधी आत या, बसा. विजूताईंना मी रिक्षाने पोचवते.”

“रिक्षा गेटवर सोडते. गेटापासून वर्गापर्यंत तिला पायी जायला नको.” त्यांनी आवाज खाली आणला. “तिला काचबिंदू आहे. समोरचं अक्षर दिसतं. फळ्यावर लिहिते, पेपर तपासते. पण बाजूचं काही दिसत नाही. पळणारी पोरं येऊन आदळतात. दोनदा आदळली की लोक विचारणार, आणि मुख्याध्यापिका ‘तुमच्याच तब्येतीसाठी’ म्हणून घरी बसवणार. सायकलवरून गेली की पोरंच बाजूला होतात. थेट वर्गाच्या पायरीशी उतरते.”

मग त्यांनी मला सायकल कशी धरायची ते दाखवलं. बाकीच्या बायका नवऱ्याने सायकल चालू केली की मागून टुणकन कॅरिअरवर बसत. विजूताईंना हलत्या सायकलचा अंदाज येत नसे. त्यांना आधी, सायकल स्टँडवर स्थिर असताना बसवावं लागे. आणि मागे माणूस बसलेला असताना चालवणाऱ्याला मागून टांग टाकता येत नाही. पुढून, मधूनच पाय घालावा लागतो. तिथे दांडी असून कसं चालेल?

“अहो, मग हे सांगत का नाही? सगळा सेक्टर हसतो तुम्हाला.”

“हसू दे की,” काका म्हणाले. “हसणारा माणूस पुढे विचारत नाही.”

मी साडीचा पदर खोचला आणि निघाले. पहिल्याच वळणावर हँडल डुगडुगलं. “विजूताई, पडणार हो आपण!” मी ओरडले. मागून शांतपणे उत्तर आलं, “पडलो तर शाळेच्या दिशेने पडू. चला!” काकांचा ताप उतरेपर्यंत मी रोज त्यांना नेलं. चड्ढीणबाई गेटवरून म्हणाल्या, “अच्छा, अब साइकिल सही हाथों में आई!” मीही हसले. विचारलं कुणीच नाही.

पुढे कितीतरी वर्षं ती हिरवी सायकल तशीच धावली. मी आजोबांनाही बोलले नाही. काकांना शब्द दिला होता. काकांचे केस पांढरे झाले, चढावर त्यांना धाप लागू लागली, तरी शाळेची घंटा होण्याआधी विजूताई पायरीवर असायच्या.

त्या पूर्ण नोकरी करून निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला सेक्टरातले आम्ही सगळे होतो. पुष्पगुच्छ हातात धरून विजूताईंनी स्वतःच डोळ्यांचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “आप सब इतने साल इन पर हँसते रहे, उसके लिए धन्यवाद. उसी हँसी की आड़ में मेरी नौकरी पूरी हो गई.” टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. काका खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होते.

घरी येताना आजोबांनी गाडी कडेला थांबवली. “सगळ्यात जास्त मीच हसलो,” ते म्हणाले.

“मग सगळ्यात जास्त आभार तुमचेच,” मी म्हटलं.

दोघं पुण्याला मुलाकडे राहायला गेले. सामानाचा ट्रक भरून झाल्यावर काकांनी सायकल ढकलत आमच्या दारात आणली आणि आजोबांच्या हातात हँडल दिलं. “आता तिकडे रिक्षा दारातून मिळते. ही तुम्ही ठेवा.” आजोबांनी ती अंगणात नेऊन लावली. काका वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. विजूताई फोनवर अजून माझा आवाज पहिल्या ‘हॅलो’लाच ओळखतात.

मागच्या आठवड्यात तुम्ही फोटो पाहून विचारलंत, “आजी, अंगणातली ती हिरवी सायकल तुझी का?” नाही रे. ती तुमच्या आजोबांची होती. गाडी दारात उभी असायची आणि ते रोज सकाळी त्या सायकलवरून दुधाला जायचे, अगदी शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. गेटवर नवा गार्ड आला की हमखास विचारायचा, “साहब, आज मैडम की साइकिल?”

आजोबा मान ताठ करून, मधून पाय घालत म्हणायचे, “मेरी है. आराम मिलता है.”