जरा उन्हात पहा

आमच्या भाऊजींच्या गाडीला छान म्हणणं हा भंडारा जिल्ह्यातला सगळ्यात जोखमीचा उद्योग आहे, आणि हे मी बऱ्याच रागाने लिहितो आहे. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळे शाळेने जे जे शिकवलं ते मी अजून मनापासून पाळतो. कोणी आपल्याबद्दल चांगलं बोललं तर धन्यवाद म्हणावं, हेही शाळेनेच शिकवलं. एसटीत कोणी सरकून जागा दिली तरी मी म्हणतो, आणि लोक माझ्याकडे वळून पाहतात. एवढा साधा शब्द. पण भाऊजींच्या तोंडून तो कधी बाहेर पडलेला मी ऐकला नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहतात कोंढ्याला, नोकरी राईस मिलमध्ये, आणि गाडी काळी. भाताच्या कोंड्यात दिवस काढणाऱ्या माणसाने काळी गाडी का घ्यावी, हे ताईने त्यांना पुष्कळदा विचारून पाहिलं. गाडी सेकंडहँड आहे, पण तिची बडदास्त अशी की आमच्या ताईलाही हेवा वाटावा. धुवायला दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फक्त कापड खळबळायची. चाकांचं कापड वेगळं, काचांचं वेगळं, आणि शेवटचा हात फिरवायला एक पिवळं मऊ कापड, जे ते स्वतःच्या खिशात ठेवतात. स्वतःचा चष्मा मात्र शर्टाच्या टोकाला पुसतात. एकदा ताईने त्या पिवळ्या कापडाने चुलीवरचं पातेलं उतरवलं, तर संध्याकाळपर्यंत भाऊजी तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी बोलले ते एवढंच, "दुसरं काही नव्हतं का घरात? माझा टावेल होता ना."

आता अशा गाडीला लोक छान म्हणणारच. पण म्हणायचं कसं, हे आजवर कोणाला साधलेलं नाही. "नवीन घेतली का?" असं कोणी कौतुकाने विचारलं की भाऊजींचा चेहरा पडतो. "नवीन कायची जी? नवीन असती तं कंपनीनं चमकवली असती. मंग मी एवढे वर्ष काय करून राहिलो?" कोणी चकाचक म्हटलं तर ते म्हणतात की चकाचक तर नुसत्या पाण्यानेही होते. आणि आरशासारखी म्हटलं की संपलंच. ते त्या माणसाचं कोपर धरतात. "तिथून नोका पाहू. जरा उन्हात पहा." मग त्या सज्जनाला बॉनेटजवळ वाकवून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दाखवले जातात. "हे जाळं दिसून राहिलं का? हे पहिल्या मालकाचं. आन हे इकडलं माझं, शिकाऊ होतो तवाचं." दिसलं नाही तर भर दुपारी टॉर्च निघते. एक गृहस्थ नागपूरच्या बसची वाट पाहत उभे होते. वेळ जावा म्हणून त्यांनी गाडीला बरं म्हटलं, आणि मागच्या दाराशी उकिडवे बसून शेळीच्या शिंगाचा ओरखडा शोधत असताना त्यांच्या पाठीमागून बस निघून गेली. भाऊजींनीच त्यांना गाडीत घालून पुढच्या थांब्यावर ती बस गाठून दिली. पण वाटेत ते बिचारे बोलून गेले की सीटही छान आहेत, आणि तिथेही बस सुटली.

मला सगळ्यात चीड येते ती याची, की हाच माणूस दुसऱ्यांच्या गाड्यांना बिनधास्त मस्त म्हणतो. शेजाऱ्यांची गाडी म्हणजे चालता-फिरता चिखल, दारावर कोंबडीच्या पायांचे ठसे. भाऊजी नुसती नजर टाकतात, "मस्त आहे," आणि चालू लागतात. एकदा मी न राहवून विचारलं की यांच्या गाडीत दोष नाहीत का. "असतीन," भाऊजी म्हणाले, "मी कायले पाहू? तिले माझा हात थोडी लागला."

मी ते तेव्हा सोडून दिलं. आमच्या गावाहून, दिघोरीहून, शिकायला आलो तो मी ताईकडेच राहिलो होतो, खाल्लेल्या घरात वाद घालायचा नसतो. भाऊजींनीच मला कॉलेजात घातलं, परीक्षेला सोडलं, परत आणलं. भंडाऱ्याला नोकरी लागली आणि माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही बपेऱ्याला निघालो, तेव्हाही गाडी त्यांचीच. निघताना त्यांनी मला अंगणात उन्हात उभं केलं, फिरवून पाहिलं, आणि कॉलरचा एक सुटलेला धागा दाताने तोडला.

मुलीचे वडील अगत्याचे. आम्ही उतरताच म्हणाले, "गाडी नवीनच घेतली वाटते पाहुण्यांनी." मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मी बैठकीत एकटा होतो, समोर पोहे होते, आणि अंगणात मुलीकडची सगळी वडीलधारी मंडळी गाडीभोवती वाकली होती. आतल्या दारातून एक मुलगी हे सगळं पाहत होती आणि तोंडावर ओढणी धरून हसत होती. पाहायला आलो होतो मी, पाहिली जात होती गाडी.

मंडळी घाम पुसत परत आली. विषय बदलावा म्हणून वडील माझ्याकडे वळले. "मुलगा बाकी हुशार दिसते. पदवी घेतली, नोकरी लागली. तुमीच शिकवला म्हणते याले." मी मान खाली घातली. आता तरी तो शब्द येईल अशी माझी खात्री होती.

भाऊजींनी बशी खाली ठेवली. "तिथून नोका पाहू जी," ते म्हणाले. "इंग्रजीत एकडाव नापास झाला हा. रागावला का जेवत नाही. कोणी फसवलं तं याले दोन दिवसानं समजते. आन आभार मानून मानून समोरच्याले लाजवते. बम घासलं मी, हात दुखेपर्यंत, बाकीचं निघालं. हे आतलं आहे, निघत नाही."

परतताना तुमसर मागे पडलं. मग म्हणालो, "भाऊजी, तुमी माह्यं लग्न मोडलं."

"झाकून देलं असतं तं पुढं त्याईनंच पाहिलं असतं ना," ते म्हणाले, आणि खड्डा चुकवला, कारण खड्ड्यात पाणी होतं.

लग्न मोडलं नाही. बायको पुढे सांगत होती की तिचे बाबा त्या संध्याकाळी म्हणाले, जो माणूस शेळीचा ओरखडा झाकत नाही, तो पोरात काय झाकणार. मी हे भाऊजींना कळवलं. ते म्हणाले, "तवाच मले आठवण द्याची होती, दोन ओरखडे तं त्याईले दाखवाचेच राहिले." राग गिळून मी त्यांचे आभार मानले.

परवा त्यांच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही कोंढ्याला गेलो. मांडवात जेवणं चालली होती. मिलमधल्या एका पाहुण्याने माझ्याकडे बोट दाखवून भाऊजींना म्हटलं, "तुमचा साळा तं मोठा साहेब झाला जी." मी ताट हातात घेऊन तयारीने उभा राहिलो. नापास झालेलं इंग्रजी, फसवणूक, सगळं ऐकायच्या तयारीने.

भाऊजींनी माझ्याकडे लांबूनच पाहिलं. "हाव, मस्त आहे," म्हणाले, आणि भात संपला का ते पाहायला निघून गेले.

मी त्यांच्या मागे गेलो. "भाऊजी, मस्त म्हणालात."

"मंग काय म्हणू?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तू येतं कुठं आता? दिवाळीले येतं, उभ्या उभ्या जातं. आन मले बी आता बरोबर दिसत नाही."

या वेळी मी धन्यवाद म्हटलं नाही. ताट ठेवलं आणि मांडवाबाहेर जाऊन काळ्या गाडीजवळ भर उन्हात उभा राहिलो. तिथून हाक मारली, "या भाऊजी. तिथून नोका पाहू."

ते आले. चष्मा काढला, शर्टाचं टोक हातात धरलं, थांबले. मग खिशात हात घालून ते पिवळं कापड काढलं आणि चष्म्याच्या काचा सावकाश पुसू लागले.