चपलांचे तळ वाचणारे दत्ताभाऊ

दत्ताभाऊ पहिल्यांदा आमच्या नेवाशाच्या घरी आले, तेव्हा आत येण्याआधी त्यांनी दारातल्या सगळ्या चपला एकेक करून उलट्या केल्या. आई धावत बाहेर आली.

"अहो, उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण!"

"लागू द्या भांडणं, काकू. भांडायला तरी आप्पा उठतील."

मग त्यांनी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चप्पल हातात धरली. "उजवी बाहेरच्या कडेला घासलीय. पाय वढतायत, म्हंजे चालतायत. तुमी त्यांना उगंच खाटंवर निजवलंय."

आप्पा ऊसतोड कामगारांसाठी पत्रकं लिहायचे; मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि आम्ही त्यांना मायेने घास भरवू लागलो. फिजिओथेरपिस्ट म्हणून आलेल्या दत्ताभाऊंनी आधी आईच्या हातातली वाटी काढून घेतली. "सेवा थोडी कमी करा, काकू. सेवेनं मानूस जाग्यावर बसतो." मग आप्पांकडे वळून म्हणाले, "काय गेलं ते सांगू नका. काय राहिलंय ते दाखवा."

हे वाक्य ते प्रत्येक रोग्याला ऐकवत. आप्पांना त्यांनी जुन्या पत्रकांचा गठ्ठा आणि खळ दिली. रोज एक पत्रक उजव्या हाताने भिंतीला लावायचं, कालच्यापेक्षा बोटभर वर. दोन महिन्यांत आमच्या स्वयंपाकघराची भिंत मजुरीवाढीच्या मागण्यांनी भरून गेली.

लोक दत्ताभाऊंना मालिशवाला म्हणत. घोडेगावच्या बाजारात एकाने हाक मारली, "ए मालिशवाल्या, माझ्या बैलाचा पाय बघ की!" भाऊंनी बैलाला चालवलं, मग मालकाला चालवलं. "बैलाला काय झालं न्हाई. गुडघा तुमचा गेलाय."

फिजिओथेरपीकडे ते वळले आपल्या आईमुळे. पाथर्डीकडच्या गयामावशींनी हंगामामागून हंगाम डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रक भरले. साखर साऱ्या राज्याने खाल्ली. मणका मावशींचा गेला. मुलगा नगरहून शिकून परतला तोवर त्या खाटेला खिळल्या होत्या. त्यांच्यासाठी आणलेली नवी चप्पल भाऊंनी खाटेखाली ठेवली होती. खाटेपासून उंबरा नऊ पावलं. मावशी चारपर्यंत पोचल्या होत्या.

"माय, अजून दुकानातल्यासारखी हाय ही," तळ बघून ते चिडवायचे. "परत करून येतो."

"जा की. दुकानदार वळखीचा हाय, तुलाच लाज वाटंल. आधी जगाला चालवून ये."

जगाला चालवायलाच ते गेले होते. ऊसतोडीच्या कोप्यांवर, मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, बायकांच्या पाठी बघून संध्याकाळी मोटारसायकलवर परतत होते. रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टीही नाही. भाऊंना ती दिसलीच नाही. लोक याला अपघात म्हणतात. मी म्हणत नाही. पुढे मी तसं पत्रक लिहिलं, आप्पांनी ते स्वतःच्या उजव्या हाताने चौकात लावलं. ट्रॉल्या आजही तशाच उभ्या असतात.

भाऊंना त्यांच्या घराच्या अंगणात ठेवलं होतं. गयामावशींना बाहेर न्यायला चौघे खुर्ची घेऊन आत आले.

"खुर्ची न्या तिकडं," मावशी म्हणाल्या. "मला त्याला दाखवू द्या, काय राहिलंय ते."

मी त्यांच्या पायांत ती चप्पल घातली. त्यांनी माझा खांदा धरला. पाचव्या पावलाला पाय लटपटला, माणसं पुढे झाली. मावशींनी अशा नजरेने पाहिलं की सगळे जागच्या जागी थांबले. नववं पाऊल उंबऱ्यावर पडलं. अंगणातली पावलं मी मोजली नाहीत.

मावशी चपला काढून भाऊंजवळ बसल्या. भाऊंचे तळपाय त्यांनी हाताने पुसले, एक, मग दुसरा. रडल्या नाहीत. बऱ्याच वेळाने बाजूची चप्पल उचलून माझ्यापुढे धरली.

"उलटी करून बघ गं. घासली का?"

तळ नवाच होता. कडेला थोडी माती तेवढी लागली होती.

"घासली, मावशी," मी म्हणाले.