आबांच्या रायफलीचा पहिला बार

जेवण झालंय आणि मी परड्यात पोत्यावर बसलेय. थंडीतलं दुपारचं ऊन पाठीवर येतंय, हातात जवसाच्या तेलाची चिंधी, मांडीवर आबांची रायफल. डोळे मिटतायत, मी उघडते, परत मिटतायत. दस्त्यावर चिंधी फिरतेय की थांबलीय हे माझं मलाच कळेना झालंय. तेवढ्यात समोर कुणीतरी उकिडवं बसतं आणि म्हणतं,

"तेल जास्त झालं."

आबा. माझे वडील. दोन वर्षं झाली जाऊन. अंगात तोच एसटीचा खाकी शर्ट, वरची दोन बटणं उघडी. आता मला सांगा, इतक्या दिवसांनी माणूस पोरीसमोर येतो, तर निदान म्हणावं ना, मालन, कशी आहेस, जेवलीस का, गिरणी चालतेय का! नाही. तेल जास्त झालं!

"झालं तर पुसा," मी म्हणते. "चिंधी तिथं पडलीय."

आबा चिंधीकडं बघतात आणि बसून राहतात. जिवंत होते तेव्हाही असंच. बघणार ते आणि पुसणार मी.

आबा डेपोत मेकॅनिक होते. दिवाळी झाली की त्यांचा थंडीतला उद्योग सुरू व्हायचा. आमच्या डोंगराकडच्या गावांत शिकार बंद झाल्यापासून जुन्या बंदुका घराघरांत खुंटीला लटकून गंजत होत्या. लोक त्या पोत्यात गुंडाळून आणायचे आणि आबा हौसेनं नीट करून द्यायचे. हे सगळं थंडीतच, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारूला ओल लागते. थंडीत लाकूड कोरडं असतं, दिलेलं तेल पिऊन घेतं. गाव आजही म्हणतं, तातोबा रेडेकरांसारखी बंदूक कुणी नीट केली नाही. आणि करत कोण होतं? मी! गंज मी घासला, दस्ते मी तासले. रिकामी काडतुसं पुन्हा भरायची तीही मीच, कारण पान्हे आवळून आवळून आबांचा हात थरथरायचा आणि दारू तोलायला स्थिर हात लागतो.

आणि मग बंदूक तयार झाली की ती माळावर न्यायची, नारळ फोडायचा आणि पहिला बार काढायचा. मी दारापर्यंत जायचे, आबांच्या हातात नारळ द्यायचे आणि परत चुलीपाशी. पहिला बार आबांचा, दुसरा माझ्या धाकट्या भावाचा, जयसिंगचा, मग जो कोण सोबत असेल त्याचा. पोस्टमननं काढलाय. गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं काढलाय. जयसिंगच्या लग्नाला आलेल्या एका बँडवाल्यानंसुद्धा काढलाय, टोपी उलटी घालून! मी नाही. एकदाही नाही. मागितलं की एकच उत्तर, पोरीबाळींचं काम न्हाई ते.

ही मांडीवरची रायफल आबांची स्वतःची. इनामदारांच्या अडगळीतनं आणली तेव्हा दस्ता मोडलेला आणि नळीत कुंभारणीच्या किड्यानं मातीचं घर केलेलं. अख्खी थंडी मी हिच्यावर घालवली. नवा शिसवी दस्ता माझ्या हातचा. आबा गेल्यावर ही पोलीस ठाण्यात जमा होती आणि आबांनी लिहून ठेवल्याप्रमाणं परवाना मिळाला जयसिंगला. परवा तो ती सोडवून घेऊन आला. म्हणाला, "आक्का, गंजलीय गं, तेवढी चकाचक कर. परवा संध्याकाळी न्यायला येतो." कुठं नेणार, तर त्याच्या मित्राच्या रिसॉर्टमध्ये, भिंतीवर लावायला. नळीत शिसं ओतून कायमची बुजवणार. म्हणजे आज संध्याकाळी ही इथनं गेली की हिच्यातनं बार कधीच निघायचा नाही, आणि माझा तर राहिलाच. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि तोंडानं मी काय म्हणाले? "बरं."

म्हणून आता आबा सापडलेत तर मी सोडणार नाही.

"आबा, ही जयसिंगला का दिलीत?"

"आधी तेल पूस."

"मी काहीतरी विचारतेय."

"वरनं गळतंय बघ," आबा म्हणतात आणि बोट वर करतात.

वर एसटीचं पोट आहे. आम्ही डेपोतल्या खड्ड्यात उभे आहोत, डोक्यावर अख्खी गाडी. गाडीच्या तळाला आडव्या बंदुका बांधल्यात, इकडून तिकडपर्यंत. प्रत्येक मला ओळखू येते. ही चाप अडकणारी, ही नळीला पोचा आलेली, ही टोकाची नेम धरायची माशी तुटलेली, जिला मी पितळेची नवी बसवली. वर माणसं चढतायत, पायांचे आवाज येतायत. जागेवरून भांडण चाललंय.

"ह्या कुणी नीट केल्या?" मी विचारते.

"आपण."

"आपण? गावात सांगताना तर 'मी' म्हणायचात. आणि कुणी विचारलंच, तर जयसिंग मदतीला असतो म्हणायचात. जयसिंग! ज्याला अजून दस्ता कुठल्या बाजूनं तासायचा ते माहीत नाही!"

"त्याला येतंय थोडं थोडं."

"काय येतंय डोंबल!"

"हळू बोल," आबा म्हणतात. "गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक खरंच आहे. माझी गिरणी आहे ही. पट्टा फिरतोय, भिंती पांढऱ्या, बायका डबे घेऊन रांगेत. पण जात्याच्या तोंडातनं पीठ पडत नाही. रिकामी पितळी काडतुसं पडतायत, खळाखळा, डब्यात. एक बाई डबा हलवून बघते आणि तोंड वाकडं करते. "मालन, जाडं दळलंस गं." दुसरी म्हणते, भाकरी व्हायची नाही ह्याची. आणि मी काय करतेय? मी खाली बसून त्यातलं एक काडतूस उचलते, फुंकते, पुसते आणि भरायला घेते. रागानं कानशिलं तापलीत, पण हात त्याचं काम करतायत. आबा शेजारी बसून बघतात.

"तुझ्यासारखा हात कुणाचा न्हाई," ते म्हणतात.

मी थांबते. पट्टासुद्धा थांबतो.

"काय म्हणालात?"

"हात. तुझ्यासारखा न्हाई कुणाचा. तू भरलेलं काडतूस कधी फुसकं गेलं न्हाई."

"हे आता सांगताय? मेल्यावर?"

"तवा ऱ्हायलं सांगायचं."

"ऱ्हायलं! परड्यात दहा-दहा माणसं बसलेली असायची, मी चहा घेऊन यायचे. ही बंदूक माझ्या मालननं केली, एवढं एक वाक्य. जीभ झडली असती का?"

"चार माणसांत कसं बोलणार, मालू?"

"तोंडानं!"

बायका डबे घेऊन मागं सरकतात. त्यांच्या मागं भिंत नाही, वारं आहे. सुकलेलं गवत, लांब डोंगराची कड, एका दगडावर ठेवलेला रॉकेलचा गंजका डबा. माळ आहे हा. मी इथं कधी आले नाही, पण ओळखते, कारण आबांनी आणि जयसिंगनं परत आल्यावर इतक्यांदा सांगितलंय. माणसं ओळीनं उभी आहेत. पोस्टमन, कंपाउंडर, उलट्या टोपीचा बँडवाला. सगळ्यांनी कानांत बोटं घालून ठेवलीत, अजून बार व्हायचाय तरी. काडतूस माझ्या मुठीत आहे आणि रायफल माझ्याच हातात.

आबा हात पुढं करतात. "नारळ दे आणि जा घरी."

"नारळ नाही आणला."

"मग काय आणलंस?"

"मी आलेय. बार मी काढणार."

ओळीतलं कुणी हलत नाही. कंपाउंडर खाली बघतो. आबांचा चेहरा तसाच होतो, जसा मी मागायचे तेव्हा व्हायचा, दार लोटून घेतल्यासारखा.

"का नाही?" मी म्हणते. "पोरीबाळींचं काम नाही हे परत सांगू नका. मी बावन्न वर्षांची आहे. खरं सांगा."

"भ्या वाटायचं," आबा म्हणतात. "जुनी नळी. फुटली हातात, तर?"

"आणि जयसिंगच्या हातात फुटली असती तर? तुमच्या एकुलत्या एक मुलाच्या?"

"ती फुटायची न्हाई."

"का?"

"नळी तू बघितलेली असायची. काडतूस तू भरलेलं असायचं."

बोलून झाल्यावर त्यांच्याच लक्षात येतं. तोंड उघडं ते उघडंच राहतं. बापाला असं पकडायला चाळीस वर्षं लागली मला.

"मग भीती कसली होती?" मी विचारते.

आबा वाकून गवताची काडी तोडतात. तिचे तुकडे करतात.

"लोकं हसली असती," ते म्हणतात.

"कुणाला? मला? मला काय फरक पडत होता!"

"तुला न्हाई." ते काडी टाकून देतात. "मला. तातोबाच्या हाताला कापरं भरलंय आणि पोरगी बार काढतीया, म्हणाली असती."

खरं बोलला माणूस. खरं ऐकलं की राग उतरावा ना? माझा नाही उतरला. उलट इतका चढला की माळावरचं गवत मला धड दिसेना. भीती असती तर मी समजून घेतलं असतं. माया असती तर रडले असते. पण हसतील म्हणून? त्या बँडवाल्याला बार काढू दिलात, आबा! तो हसण्यासारखा नव्हता का!

"बाजूला व्हा," मी म्हणते.

ते बाजूला होतात. हेही मला सहन होत नाही. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का अडून बसला होतात? मी काडतूस आत सारते, खटका चढवते. माझ्याच हातचा दस्ता, गालाला लावते तर ऊन लागून कोमट झालाय.

"खांद्याला घट्ट लाव, मालू," आबा हळूच म्हणतात. "सैल धरू नकोस. मारंल."

"आता शिकवताय होय?"

"घट्ट लाव गं."

मी मुद्दाम लावत नाही. त्यांचं एक अक्षर ऐकायचं नाही मला आज. माशीच्या टोकावर रॉकेलचा डबा येतो, हलतो, परत येतो. डोळ्याच्या कडेनं मला आबा दिसतात. सगळी माणसं कानांत बोटं घालून उभी आहेत, ह्यांनी नाही घातली. हात मागं बांधून, मान पुढं करून उभे आहेत. त्यांना ऐकायचंय. मला रडू येतं आणि त्या रडण्याचाही राग येतो, आणि मी चाप ओढते.

सगळा डोंगर एकदम ओरडतो. रायफल खांद्यात घुसते.

डबा उडाला का ते बघायच्या आत दारात गाडीचा हॉर्न वाजतो. ऊन परड्याच्या भिंतीवर चढलंय. रायफल मांडीवरच आहे, चिंधी पोत्याखाली गेलीय. तोंडाला कोरड पडलीय आणि मी खरंच रडलेय, गाल ओले आहेत. मी पदरानं पुसते. जयसिंगनं बघायला नको.

तो हातात गाडीची किल्ली फिरवत परड्यात येतो. रायफल उचलतो, वर धरतो, खाली धरतो.

"काय केलीस गं आक्का! आबांनी केल्यासारखी दिसतीया."

आबांनी! मी उठून उभी राहते, काहीतरी कडक बोलायला तोंड उघडते, आणि तो कौतुकानं माझ्या उजव्या खांद्यावर थाप मारतो.

मी किंचाळते. अशी किंचाळते की शेजारची म्हैस उठून उभी राहते.

"काय झालं?" जयसिंग घाबरतो.

"काय माहीत. ठणकतंय."

पदर सरकवून झंपराची कड जरा बाजूला करते. खांद्याच्या खोबणीत, हाडाच्या खाली, तळहाताएवढं काळंनिळं उठलंय. मधे जास्त काळं, कडेला लाल. मला आधी वाटतं कुठंतरी आपटले असेन. जयसिंगला तसं वाटत नाही. त्यानं पहिला बार काढला होता तेव्हा त्याला अगदी इथंच, अगदी असंच उठलं होतं. आईनं हळद लावली होती आणि हा आठवडाभर सदरा काढून गावभर दाखवत फिरला होता.

तो माझ्या खांद्याकडं बघतो. मग हातातल्या रायफलीकडं. मग परत खांद्याकडं.

"आक्का," तो म्हणतो, आवाज एकदम खाली आलाय, "काडतूस कुठनं आणलंस तू?"

मला माळावरचं मुठीतलं काडतूस आठवतं. "मीच भरलेलं."

"आणि सैल धरलीस?"

"सैल धरली. मला वेळेवर कुणी शिकवलं होतं का?" मी डावा हात पुढं करते. उजवा वर उचलतच नाही. "दे ती इकडं. आणि तुझ्या त्या मित्राला सांग, भिंतीवर कॅलेंडर लाव म्हणावं."

जयसिंग गाडीची किल्ली खिशात टाकतो. मग परत एकदा माझ्या खांद्याकडं बघतो आणि रायफल माझ्या हातात देतो.