मुलगी तीच

लग्न होऊन मला तिसरा दिवस. डोक्यावर हंडा, तोंडावर पदर, आणि आडावरून मी घराकडे निघालेली. शेजारच्या दारातून एक उंच, मिशीवाला गडी आडवा आला आणि म्हणाला, "नाव? गाव? कुणाकडं?" मी अशी दचकले की निम्मा हंडा अंगावर. बरं, हाच माणूस दोन दिवसांपूर्वी आमच्या लग्नात पंगत वाढत होता! सासूबाई आतून ओरडल्या, "आरं नाना, आपली नवी सून हाय ती!" तर म्हणतात कसे, "आसंल की. पण तिच्या तोंडनं ऐकू द्या."

ते आमचे सुभेदार नाना. तेव्हा रजेवर आले होते, सुभेदार व्हायचे होते, पण सवय तीच. पलटणीतून आले, मग गावचे पोलीस पाटील झाले, तेही वय झाल्यावर सुटलं, पण वही काही सुटली नाही. लांब पुठ्ठ्याची वही. आमच्या ह्या कडेगावच्या बाजूच्या गावात बाहेरचं माणूस राहायला आलं की नाना त्याच्या दारात. ऊसतोडीच्या टोळ्या, बोअर मारणारे, गाद्या शिवणारे, कुणी सुटलं नाही. वहीत उभे रकाने पाडलेले : नाव, गाव, कुणाकडे, कधी बघितलं. लोक हसायचे. "नाना, मांजर आलंय नवं, लिवा की!" नाना म्हणायचे, "इस्वास ठेवायला माझं काय जातंय? पण आधी बघू तर दे." आणि दुसरं एक ठरलेलं : "ऐकलेलं लिवायचं न्हाई. बघितलेलं लिवायचं."

ओढ्याकाठी वीटभट्टी आहे. तिथं एका वर्षी बंगाली बोलणारं जोडपं आलं, बरोबर एक मुलगी. मिताली. बाकीची टोळी पावसाळा तोंडावर आला की निघून जायची, हे तिघं गेले नाहीत. नानांना एवढं पुरे. दुसऱ्या वर्षी बाप घरी जाऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. बाई म्हणायची वारला. कुठं वारला विचारलं की डोळ्याला पदर लावायची. नाना मला म्हणाले, "वैनी, रडणं खरं हाय. बोलणं खरं न्हाई."

खोटं कशाला सांगू, मलाही शंका यायची. मिताली माझ्याकडे शिवण शिकायला यायची, गोड पोरगी, आपल्यासारखंच 'न्हाई' आणि 'व्हय' बोलायची. पण ती उठून गेली की माझा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडे जायचा. आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

नाना मात्र उघड संशय घ्यायचे. दर वर्षी दोनदा-तीनदा काठी टेकत भट्टीवर. पोरीला समोर उभी करायची, बघायचं, लिहायचं. पोरगी भ्यायची नाही. चौथीत असताना वहीत डोकावून म्हणाली, "नाना, 'संशय'मधला श चुकलाय तुमचा." नानांनी खोडून नीट केला आणि खाली तेही लिहिलं. म्हणे, बघितलं ना मी!

आता मधली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. माझ्या नवऱ्याचाही. पोर शाळेत घालायला नेलं आणि आईबापाला तारीख सांगता आली नाही, की मास्तर एक जून टाकायचे आणि जन्मगाव म्हणून आपलंच गाव. कुणाचं काही अडायचं नाही. मितालीच्या वेळी मास्तरांनी तेच केलं. दयेनं केलं. "लेकराची शाळा कशाला बुडवायची? फुडं कोण इचारतंय?"

पुढं विचारलं.

गेल्या साली सुगीच्या दिवसांत सकाळी पोलिसांची गाडी आली. मिताली कॉलेजात शिकत होती, नर्सिंगला जायचं म्हणून अर्ज भरत होती. सीमेपलीकडच्या असाल म्हणून मायलेकींना गाडीत बसवलं आणि ठाण्यात नेलं. मी तशीच नानांकडे पळाले. ते अंगणात तंबाखू मळत होते. सगळं ऐकलं, उठले, वही काढली. मी मितालीचं पहिलं पान वाचलं. 'मुलगी एक. सहाएक वर्षांची. समोरचे दोन दात पडलेले. बाप म्हणतो मालदा, बंगाल. गाव दोनदा विचारले, दोन नावे सांगितली. संशय.'

मी म्हणाले, "नाना, हे पान फाडा. पाया पडते."

"आन मग?"

"मग म्हणायचं, हितंच जल्मली. मास्तरांनी लिवलंयच की."

"वैनी, येक पान फाडलं की समदी वही खोटी." त्यांनी कोट चढवला, पदकं लावली आणि म्हणाले, "चला. तुमी बी बघितलंय तिला."

ठाण्यात मिताली बाकावर बसलेली, ओढणीचं टोक पिळत. पोरगा दिसावा असा तरुण साहेब होता. त्याच्यापुढे शाळेचा दाखला. तो म्हणाला, "कागद म्हणतो पोरगी इथं जन्मली. आई म्हणते मालद्याला. पहिलाच कागद खोटा, मग बाकीच्या कागदांवर मी का विश्वास ठेवू?" मास्तरांना फोन लावला होता, ते म्हणाले आठवत नाही. एवढी वर्षं मायलेकींना राबवणारा भट्टीचा मालक म्हणाला, असतील कोणी, मजूर येतात-जातात. चांगल्या माणसांची अशी दातखीळ बसलेली!

नानांनी वही टेबलावर ठेवली. "साहेब, ही कुठली, ते मला ठावं न्हाई. कवापास्नं हितं हाय, ते ठावं हाय."

साहेब वाचू लागला. एकेक पान उलटत गेला. मी उभी राहून बघत होते. 'भट्टी सुरू. मुलगी तीच. डाव्या भुवईवर खोक पडली.' 'मुलगी तीच. तिसरीत.' 'मुलगी तीच. माझी चूक काढली.' 'मुलगी तीच. आता मान वर करून बोलते.' बारा वर्षं, एक वर्ष चुकलेलं नाही.

शेवटी साहेब म्हणाला, "आजोबा, पण इथं तर तुम्हीच संशय लिहिलाय."

"व्हय. आजूनबी हाय," नाना म्हणाले. "संशय हुता म्हणून तर बघत ऱ्हायलो. ज्यास्नी संशय न्हवता, त्यांनी काय बघितलं, इचारा की त्यास्नी."

साहेबानं पानांचे फोटो काढून घेतले, नानांची सही घेतली. मालद्याला चौकशी जाईल, तोवर मायलेकींनी दर सोमवारी हजेरी द्यायची, असं ठरून दोघींना घरी सोडलं. परतीच्या एसटीत मिताली नानांच्या शेजारी बसली. पान फाडायचं मी तिला सांगून बसले होते. ती म्हणाली, "नाना, पहिलं पान तुम्ही फाडलं असतं तर?" नाना खिडकीतून उसाकडे बघत म्हणाले, "तर तू सहा वर्साची कवा हुतीस, ते कुणाला ठावं असतं गं?" पोरगी तोंड फिरवून रडली.

त्यानंतर प्रत्येक सोमवारी मायलेकींबरोबर नाना. मितालीच्या आईशी मात्र शेवटपर्यंत धड बोलले नाहीत. "ती काय तरी लपवती," हे म्हणणं कायम. मला विचाराल तर मलाही तसंच वाटतं. कुणाच्या भीतीनं लपवते, तेवढं कळत नाही.

उन्हाळ्यात नानांना मलकापूरच्या दवाखान्यात नेलं. श्वास पुरत नव्हता. नवी सिस्टर सलाईन लावायला आली तर तोंडावरची नळी बाजूला करून विचारतात, "नाव? गाव? कुणाकडं?" ती बिचारी हसली आणि सगळं सांगितलं. नानांनी मान हलवली, जणू रकाना भरला. दुसऱ्या दिवशी गेले.

दिवसकार्य झालं. त्यांची सून रद्दी बांधत होती, त्यात वही दिसली. मी मागून घेतली. सोमवारी मिताली दारात उभी राहिली, आई मागं रस्त्यावर. आत येईना. "आजी, आज कोण येणार?"

"मी येते की. थांब, चप्पल घालते."

वाटेत तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं? मी कुठली असेन?"

"मला ठावं न्हाई गं बाई."

"मलापण," ती म्हणाली.

मालद्याचं उत्तर अजून आलेलं नाही. हजेरी देऊन आले की मी वही उघडते. माझं अक्षर वाकडं. पोरांच्या पुस्तकांवरून शिकलेलं, त्याला काय वळण असणार! तिच्या नावापुढचा गावाचा रकाना नानांनी शेवटपर्यंत कोरा ठेवला, मीही त्याला हात लावत नाही. शेवटच्या रकान्यात तेवढं लिहिते : मुलगी तीच. आज बघितली.